निवृत्त जेट परदेशी जातं तेव्हा सोबत काय जातं

हवाई दलाने एखादं लढाऊ जेट सेवेतून काढलं की आपल्याला दोनच शेवट सुचतात. एक तर चौकातला चौथरा, नाहीतर भंगारवाल्याचा गॅस कटर. तिसरी वाट परदेशाची. त्या वाटेने आजवर शेकडो विमानं गेली. काही तिकडे वीस-वीस वर्षं उडली, काही खोक्यातच गंजली, काहींच्या नशिबी फक्त सुटे भाग होऊन दुसऱ्या विमानात जाणं आलं. हा फरक विमान किती जुनं आहे यावरून फारसा पडत नाही. सोबत कागद किती आले, सुटे भाग किती आले, संकटात वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या इजेक्शन सीटच्या कार्ट्रिजांची (स्फोटक नळकांड्यांची) मुदत किती उरली आणि शेवटच्या उड्डाणानंतर निर्णयाला किती वर्षं लागली, यावरून तो पडतो. यातली शेवटची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि तिच्याकडेच सरकारांचं सगळ्यात कमी लक्ष असतं.

न्यूझीलंडच्या स्कायहॉकचं उदाहरण त्यासाठी फार बोलकं आहे.

न्यूझीलंडने १९७० मध्ये १४ ए-४के स्कायहॉक घेतली: १० एकआसनी, ४ दोनआसनी. ऑस्ट्रेलियाचं ‘मेलबर्न’ हे विमानवाहू जहाज निवृत्त झाल्यावर तिथली आणखी १० स्कायहॉक १९८४ मध्ये विकत घेतली. पुढे ‘काहू’ नावाचा मोठा सुधारणा प्रकल्प झाला. काहू म्हणजे माओरी भाषेत तिकडचा एक शिकारी पक्षी. त्यात नवं वायरिंग, नवं कॉकपिट, वैमानिकाच्या नजरेसमोर काचेवर माहिती दाखवणारा हेड-अप डिस्प्ले आणि एपीजी-६६ रडार बसलं. हे सुरुवातीच्या एफ-१६ मधल्या रडारच्याच घराण्यातलं. १९५० च्या दशकातल्या आराखड्याच्या छोट्याशा विमानात एफ-१६ ची नजर आली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्यामुळेच या विमानांना गिऱ्हाईक मिळालं.

डिसेंबर २००१ मध्ये न्यूझीलंडने आपली लढाऊ स्क्वाड्रन्सच बंद केली. हातात १७ स्कायहॉक आणि तितकीच एरमाकी एमबी-३३९ प्रशिक्षण जेट्स उरली. तेव्हा ती चालू स्थितीत होती, त्यांना ओळखणारे तंत्रज्ञ नोकरीत होते, भांडारात सुटे भाग होते. विकायला याहून चांगली वेळ नव्हती. २००५ मध्ये एका अमेरिकी खासगी कंपनीशी व्यवहार जाहीर झाला, पण अमेरिकी सरकारची मंजुरी येईना आणि तो बारगळला. विमानं वुडबोर्नच्या तळावर पडून राहिली. पुढे त्यांना हँगरबाहेर काढून लॅटेक्सच्या वेष्टनात उघड्यावर ठेवलं. शेवटी २०१२ मध्ये फ्लोरिडातल्या ड्रेकन इंटरनॅशनलने ८ स्कायहॉक आणि ९ एरमाकी घेतल्या. उरलेली स्कायहॉक संग्रहालयांकडे गेली. बहुतेक न्यूझीलंडमध्येच राहिली, एक ऑस्ट्रेलियात नाउरा इथल्या नौदल विमान संग्रहालयात परत गेली.

अकरा वर्षं. या काळात विमानाच्या आत काय घडतं, ते सांगतो.

उडणारं जेट स्वतःच्या तेलातुपात असतं. हायड्रॉलिकचा (चाकं, फ्लॅप असे भाग हलवणाऱ्या तेलाचा) दाब रोज चढतो-उतरतो म्हणून सीलं ओली आणि लवचिक राहतात. उड्डाण थांबलं की रबराची सीलं कडक होतात, एका बाजूला दबून बसतात आणि पुन्हा दाब दिला की त्याच जागी गळतात. धडातल्या रबरी पिशवीसारख्या इंधन टाक्या रिकाम्या ठेवल्या की सुकून तडकतात, म्हणून इंधन काढल्यावर त्यांना आतून तेलाचा हात द्यावा लागतो. स्कायहॉकमध्ये तर पंख हीच टाकी आहे. पंखाच्या सांध्यांमध्ये भरलेलं सीलंट कोरडं पडून आक्रसलं, की इंधन भरल्यावर पंखाखाली थेंब दिसायला लागतात. मग गळती नेमकी कुठून सुरू होते ते शोधण्यात महिने जातात, कारण इंधन एका सांध्यातून शिरतं आणि हातभर अंतरावरच्या दुसऱ्याच रिव्हेटपाशी बाहेर येतं.

इंजिनाची काळजी वेगळी. इंधन प्रणालीतलं केरोसीन काढून तिथे १०१० ग्रेडचं हलकं तेल फिरवतात, म्हणजे फ्युएल कंट्रोल युनिटमधले बारीक व्हॉल्व्ह चिकटत नाहीत. हवा आत घेणारं आणि बाहेर टाकणारं अशी दोन्ही तोंडं बंद करून आत सिलिका जेलच्या पिशव्या ठेवतात आणि आर्द्रता दाखवणारं कार्ड बाहेरून दिसेल असं लावतात. कार्डाचा रंग बदलला की पिशव्या बदलायच्या. हे कुणीतरी ठरलेल्या दिवशी जाऊन पाहायला हवं, आणि दहा वर्षांत नेमकं तेच सुटतं. बेअरिंगवर गंजाचा एक ठिपका पडला तरी पुरे, पुढे तिथूनच धातूचा पापुद्रा सुटतो.

लॅटेक्सचं वेष्टन चांगलं असतं, पण जागा पाहून. अमेरिकेत टूसॉनच्या डेव्हिस-मॉन्थन तळावरच्या प्रचंड साठवणीत विमानांच्या वरच्या भागावर आधी काळ्या आणि त्यावर पांढऱ्या लेपाचे थर फवारतात. पांढऱ्यामुळे ऊन परत फिरतं आणि आतलं तापमान बाहेरच्या हवेच्या जवळपास राहतं. पण तिथे मुळात वाळवंट आहे, पाऊस तुटपुंजा, जमीन इतकी टणक की फरसबंदीशिवाय विमानं उभी राहतात. वुडबोर्न समुद्रापासून फार लांब नाही. खारी दमट हवा आणि बंद वेष्टन एकत्र आलं की आत शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही. पोटाखालची निचऱ्याची भोकं उघडी ठेवली नाहीत, तर वेष्टन विमानाला वाचवायच्या ऐवजी वाफवतं. ७०७५ सारख्या मजबूत ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूला अशा वेळी थरांचा गंज लागतो. धातू पानापानांनी सुटतो, वर रंग मात्र शाबूत दिसतो.

म्हणून २००२ साली जे विमान जवळपास उडवत नेता आलं असतं, ते २०१२ साली मोठ्या दुरुस्तीचं काम होऊन गेलं. किंमतही तशीच उतरली.

तरीही ड्रेकनने ती घेतली, आणि माझ्या मते ते योग्यच होतं. एक कारण ते रडार. ड्रेकनसारख्या कंपन्यांचा धंदा ‘शत्रू’ होण्याचा आहे. अमेरिकी हवाई दलाच्या वैमानिकांना सरावासाठी समोर कुणीतरी लागतं. त्यासाठी आपलीच महागडी विमानं आणि त्यांचे मोजके तास खर्च करण्यापेक्षा भाड्याचं जुनं जेट स्वस्त पडतं. पण त्या जेटने रडार लॉक केलं आणि समोरच्याच्या कॉकपिटमध्ये इशारा वाजला, तरच सरावाला अर्थ. काहूच्या स्कायहॉकमध्ये ते जमत होतं. दुसरं कारण इंजिन. स्कायहॉकचं जे५२ इंजिन अमेरिकी नौदलाच्या इंट्रूडर आणि प्राउलर विमानांतही होतं, त्यामुळे अमेरिकेत त्याचे भाग आणि ते उघडून बसवणारे हात दोन्ही मिळत. जुनं जेट विकत घेणाऱ्याने विमान पाहण्याआधी पहिला प्रश्न हाच विचारावा: हे इंजिन अजून कोण वापरतंय?

स्कायहॉक उचलून नेणं हीसुद्धा सोपी गोष्ट नाही. त्याचा पंख एकसंध आहे, टोकापासून टोकापर्यंत ८.३८ मीटर, आणि घडी होत नाही. चाळीस फुटी कंटेनरची आतली रुंदी २.३५ मीटर, आणि पंख मधोमध त्याहून कितीतरी रुंद. म्हणजे पंख कंटेनरमध्ये जाणारच नाही, त्याला उघड्या तळाची वाहतूक किंवा मोठं मालवाहू विमान लागतं. हॉकर हंटरचं बरं आहे. त्याचे पंख धडाला लागूनच सुटतात आणि शेपटीकडचं धड इंजिन काढण्यासाठी वेगळं होतंच. झेक एल-३९ची गंमत अशी की त्याची पूर्ण लांबी १२.१३ मीटर आणि कंटेनरची आतली लांबी १२.०३. दहा सेंटिमीटरसाठी काही ना काही उतरवावंच लागतं. उतरवलेल्या प्रत्येक बोल्टला, पाइपला, वायरला चिठ्ठी बांधणं आणि फोटो काढणं हे कंटाळवाणं काम ज्यांनी टाळलं, त्यांचं विमान जोडताना सहा महिने जास्त गेले म्हणून समजा. कंट्रोल केबल आणि रॉड काढताना त्यांची आधीची लांबी मोजून लिहिलेली नसेल, तर पूर्ण रिगिंग, म्हणजे त्यांची लांबी आणि ताण जुळवणं, पुन्हा करावं लागतं.

आता कागद. अमेरिकेने विकलेलं शस्त्र पुढे तिसऱ्याला द्यायचं तर अमेरिकी परराष्ट्र खात्याची संमती लागते, घेणारा स्वतः अमेरिकी असला तरी. शिवाय अमेरिकेत आणताना शस्त्रं-स्फोटकांवर नजर ठेवणाऱ्या एटीएफ या खात्याचा ‘फॉर्म ६’ वेगळा. ड्रेकनसारखाच धंदा करणाऱ्या टॉप एसेस या कंपनीने इस्रायलची २९ जुनी एफ-१६ घेतली. त्यातली पहिली चार जानेवारी २०२१ मध्ये आंतोनोव्ह-१२४ मधून ॲरिझोनातल्या मेसाला उतरली. त्यामागे कित्येक वर्षांची कागदपत्रं होती. संमती मिळेपर्यंत विमान कुठे आणि कसं ठेवायचं, त्याचा खर्च कोण करणार, हे विक्रीच्या करारातच लिहायला हवं.

पण खरा कागद तो नव्हे. खरा कागद म्हणजे भागांची कार्डं. लँडिंग गिअरचा पाय, टर्बाइनची चकती, हायड्रॉलिक पंप अशा प्रत्येक भागाला उड्डाणाचे तास, लँडिंग किंवा वर्षं यांची मर्यादा असते. किती वापरलं आणि किती उरलं हे त्या त्या भागाच्या कार्डावर असतं. कार्ड हरवलं की भाग चकचकीत असला तरी भंगार, कारण टर्बाइनच्या चकतीला अजून हजार तास आहेत की दहा, हे नजरेने सांगता येत नाही. विमान विकताना सरकारी खाती अनेकदा विमान देतात आणि कार्डं गोपनीय म्हणून ठेवून घेतात किंवा जाळून टाकतात. त्यात विकणाऱ्याचा काहीच फायदा नाही. विमानाची अर्धी किंमत तिथेच राख होते.

आता इजेक्शन सीट. या विषयावर मी जरा जास्तच लिहिणार आहे, कारण माणसं इथे मरतात.

सीट म्हणजे एकामागून एक पेटणाऱ्या कार्ट्रिजांची मालिका. कॅनॉपी (कॉकपिटवरचं काचेचं झाकण) उडवायला एक, सीट वर ढकलायला एक, पट्टे सोडवायला एक, छोटं पॅराशूट बाहेर फेकायला एक. प्रत्येकाला दोन मुदती असतात. एक कपाटात ठेवल्यापासूनची, दुसरी सीटमध्ये बसवल्यापासूनची. दुसरी बहुधा खूप कमी असते, कारण विमानात उष्णता, थरथर आणि दमटपणा सोसावा लागतो. हवाई दल सेवेत असताना नवी कार्ट्रिजं सतत येत राहतात. विमान निवृत्त झालं, बनवणाऱ्याने तो प्रकार बंद केला, की जगातला साठा मोजका उरतो आणि दरवर्षी घटतो. विमान परदेशी पाठवताना तर कार्ट्रिजं काढून स्फोटकांच्या नियमांनीच वेगळी पाठवावी लागतात. पुष्कळ देशांत ती आयातच होऊ शकत नाहीत.

केप टाउनच्या थंडर सिटी या खासगी कंपनीने ब्रिटनची लाइटनिंग, बकानिअर आणि हंटर विमानं आणून उडवली. १४ नोव्हेंबर २००९ रोजी ओव्हरबर्गच्या हवाई प्रदर्शनात त्यांच्या दोनआसनी लाइटनिंगच्या मागच्या भागात आग लागली, हायड्रॉलिक गेलं. वैमानिकाने इजेक्ट करायचा प्रयत्न केला, पण कॅनॉपी सुटली नाही आणि ती सुटल्याशिवाय सीट उडत नाही. वैमानिक गेला. ब्रिटनमध्ये २२ ऑगस्ट २०१५ रोजी शोरमच्या हवाई प्रदर्शनात हंटर लूप (हवेतली उभी गोल कसरत) पूर्ण न करता रस्त्यावर कोसळलं आणि ११ माणसं गेली. तिथे कारण सीट नव्हती, लूपसाठी उंची आणि वेग अपुरा पडला. पण तपासात सीटच्या कार्ट्रिजांची मुदत उलटलेली आढळली, आणि अवशेषांत जिवंत स्फोटकं असल्यामुळे मदतीला धावलेल्यांनाही धोका होता. सीट बनवणाऱ्या मार्टिन-बेकरने तोवर खासगी मालकांच्या जुन्या सीटना आधार देणं थांबवलं होतं. त्यानंतर ब्रिटनने जुन्या लष्करी जेट्सना जमिनीच्या (समुद्राच्या नव्हे) वर कसरती करायला मनाई केली, फक्त सरळ उडत जाणं उरलं. काहींना हे कठोर वाटलं. मला नाही वाटत.

म्हणून खासगी मालकापुढे दोनच प्रामाणिक मार्ग असतात. एक, मुदतीतली कार्ट्रिजं आणि प्रशिक्षित आर्मरर (स्फोटकं हाताळणारा तंत्रज्ञ) मिळत असेल तरच सीट ‘गरम’, म्हणजे चालू, ठेवायची. दोन, कार्ट्रिजं काढून सीट निर्जीव करायची आणि विमान असं निवडायचं की इंजिन बंद पडलं तरी शेतात किंवा धावपट्टीवर उतरवता येईल. एल-३९ ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने उतरायला येतं, तिथे दुसरा मार्ग समजण्यासारखा आहे. लाइटनिंग किंवा स्टारफायटरसारखं विमान त्याहून कितीतरी जास्त वेगाने जमिनीवर येतं, तिथे निर्जीव सीट म्हणजे वैमानिकाला बाहेर पडायची वाटच नाही. आणि मुदत संपलेली कार्ट्रिजं ‘अजून चालतील’ म्हणून ठेवणं हा तिसरा मार्ग नव्हे. तीच सगळ्यात वाईट स्थिती, कारण बाहेर पडता येईल याची खात्री नाही आणि जमिनीवर काम करणाऱ्याला इजा व्हायचा धोका मात्र पूर्ण.

विमानात धोक्याच्या आणखी वस्तू असतात आणि त्या देशागणिक अडवल्या जातात. जुन्या मीटरच्या काट्यांवर रेडियम, काही जुन्या मॅग्नेशियमच्या भागांत थोरियम, गॅस्केटमध्ये ॲसबेस्टॉस. हंटर एफ६ आणि लाइटनिंगचं इंजिन आयसोप्रोपिल नायट्रेट या द्रवाने सुरू होतं. ते जाळायला बाहेरची हवा लागत नाही, म्हणून आगही सहज विझत नाही, आणि आता ते मिळवणं कठीण. एफ-१६ मध्ये इंजिन बंद पडल्यावर वीज आणि हायड्रॉलिक देणारं आणीबाणीचं युनिट हायड्रेझीनवर चालतं: ७० टक्के हायड्रेझीन, ३० टक्के पाणी. ते अत्यंत विषारी. खासगी कंपनीने एफ-१६ आणलं म्हणजे ते हाताळायचा संरक्षक पोशाख, त्याची तालीम आणि त्याचा साठासुद्धा आणला.

आता पुन्हा उडवण्याची पायरी. क्रम साधारण असा ठेवतात. इंजिनात बोरोस्कोप (नळीच्या टोकाचा बारीक कॅमेरा) घालून पाती पाहायची, तेलातली चुंबकी प्लग काढून धातूचे कण पाहायचे. मग जमिनीवरच्या हायड्रॉलिक गाडीने प्रणाली धुऊन काढायची आणि फिल्टर बदलत राहायचं, फिल्टर स्वच्छ निघेपर्यंत. लवचिक होज तारीख पाहून सरसकट बदलायचे, ‘दिसायला बरे’ म्हणून ठेवायचे नाहीत. हायड्रॉलिक तेलाच्या जातीत चूक करायची नाही. रशियन एएमजी-१० आणि अमेरिकी लाल ५६०६ एकमेकांशी जुळतात, पण प्रवासी विमानांतलं जांभळं स्कायड्रॉल त्यात गेलं तर सगळी सीलं फुगतात. विमान जॅकवर घेऊन चाकं निदान दहा-पंधरा वेळा आत-बाहेर करायची, आणीबाणीच्या पद्धतीनेही. मग इंजिन चालवणं, मग धावपट्टीवर वेगाने पळवणं. इथे घाई झाली की ब्रेक तापतात आणि चाकातले फ्यूज प्लग वितळून टायर बसतात. दोन धावांमध्ये थंड व्हायला वेळ द्यायलाच हवा. स्कायहॉकमध्ये एक खास जागा आहे: पंखाच्या पुढच्या कडेच्या स्लॅट्स हवेच्या दाबाने आणि स्वतःच्या वजनाने आपोआप सरकतात. एका बाजूच्या रुळात घाण बसून ती अडकली आणि दुसरी उघडली, तर विमान अचानक कुशीवर लोळतं. रूळ आणि रोलर हाताने ढकलून दोन्हीकडे सारखे सरकतात का ते प्रत्येक उड्डाणाआधी पाहायचं.

हे सगळं करूनही काय होतं, त्याचं उदाहरण सी हॅरियरचं. अमेरिकी मरीन कोअरचे माजी चाचणी वैमानिक आर्ट नॉल्स यांनी ब्रिटिश नौदलाचं सी हॅरियर एफए२, क्रमांक एक्सझेड४३९, विकत घेतलं आणि मेरीलँडमध्ये जुळवलं. नोव्हेंबर २००७ मध्ये ते उडालं. पुढच्याच उड्डाणात हायड्रॉलिक बिघडलं आणि पॅटक्सेंट रिव्हरच्या नौदल तळावर आणीबाणीत उतरवावं लागलं. विमानाचं नुकसान झालं, ते पुन्हा दुरुस्त करून पुढे अनेक हवाई प्रदर्शनांत उडालं. चाचणी वैमानिकाचा अनुभव नसता तर गोष्ट तिथेच संपली असती. हॅरियरला जागच्या जागी तरंगताना जास्तीचा जोर लागला तर इंजिनात पाणी फवारावं लागतं, सुमारे २२७ लिटर शुद्ध पाणी, आणि ते दीड मिनिटात संपतं. साध्या वाटणाऱ्या पाण्याचीसुद्धा खासगी मालकाला प्रत्येक तळावर सोय करावी लागते.

हॅरियरचा विषय गोव्याशी जोडलेला आहे. भारतीय नौदलाची पहिली सी हॅरियर १९८३ च्या डिसेंबरात दाबोळीला उतरली आणि मे २०१६ मध्ये तिथेच निवृत्त झाली. मधल्या काळात, २००६ च्या सुमारास, ब्रिटनची निवृत्त एफए२ घेण्याबद्दल बोलणी झाली होती. ब्रिटन रडार काढून विमानं देणार होता, व्यवहार पुढे गेला नाही. २०११ मध्ये मात्र ब्रिटनने आपली ७२ हॅरियर, इंजिनं आणि सुटे भाग मिळून, सुमारे ११.६ कोटी पौंडांना अमेरिकी मरीन कोअरला विकली. ती टूसॉनला गेली, उडायला नाही, अमेरिकेच्या एव्ही-८बी या हॅरियर विमानांना भाग पुरवायला. गोव्याच्या विमानांना त्यांचा उपयोग नव्हता. नाव एक असलं तरी ती दुसऱ्या पिढीची, मिश्र पदार्थांच्या पंखाची. आपली पहिल्या पिढीची, धातूच्या पंखाची. सुट्या भागांच्या जगात विमानाच्या नावावर विसंबून चालत नाही, भाग क्रमांकच पाहावा लागतो.

उलट्या दिशेने येणाऱ्यांत जग्वार आहे. फ्रान्सने २००५ मध्ये, ब्रिटनने २००७ मध्ये ती निवृत्त केली. आता जगात ती फक्त भारत उडवतो. भाग नवे बनत नाहीत, म्हणून २०१८ मध्ये फ्रान्सची ३१ जुनी जग्वार, ओमानकडून २ विमानं, ८ इंजिनं आणि ३,५०० प्रकारचे भाग, ब्रिटनकडून २ दोनआसनी विमानं आणि ६१९ प्रकारचे भाग घ्यायचं ठरलं. फ्रान्सच्या विमानांसाठी फक्त वाहतुकीचा खर्च भारताचा होता. अशा विमानातून काय निघतं? चाकांचे पाय, हायड्रॉलिक जॅक, फ्लॅपच्या यंत्रणा, कॅनॉपीच्या काचा, धडाच्या चौकटी. काय निघत नाही? दिशादर्शन आणि शस्त्रांची इलेक्ट्रॉनिक्स, कारण भारतीय जग्वारमध्ये आपली वेगळी ‘दारिन’ प्रणाली आहे. निघालेला प्रत्येक भाग आधी तपासून, क्ष-किरण किंवा रंगद्रव्याने भेगा पाहून, उरलेलं आयुष्य नव्याने लिहूनच भांडारात जातो. भारताने उडायला न घेता सुट्या भागांसाठी घेतलेली ही विमानं मला निवृत्त जेटचा सगळ्यात सार्थकी लागलेला शेवट वाटतात.

याच्या अगदी उलट एफ-१४ची गोष्ट. अमेरिकेने २००६ मध्ये ते निवृत्त केलं. ते विमान असलेला दुसरा एकच देश म्हणजे इराण, आणि भाग तिकडे पोचू नयेत म्हणून २००७ पासून अमेरिकेने उरलेली एफ-१४ अक्षरशः चिरडून टाकली. संग्रहालयांत जी राहिली, तीही उडू शकणार नाहीत अशी करून.

ज्यांना स्वतः जेट घेऊन उडवायचंय (परदेशातले काही मराठी वैमानिक याची चौकशी करतात) त्यांच्यासाठी एल-३९ हाच व्यवहार्य पर्याय राहिलाय. जवळपास २,९०० बनली, त्यामुळे भाग आहेत. इंजिन सुरू करायला स्वतःचं छोटं सफीर टर्बाइन विमानातच असतं, बाहेरची गाडी लागत नाही. तासाला साधारण ५५० ते ७०० लिटर इंधन धरा. अमेरिकेत ते ‘एक्सपेरिमेंटल’ वर्गात, प्रदर्शन या हेतूने नोंदवलं जातं. पैसे घेऊन प्रवासी नेता येत नाही आणि वर्षभरात कुठे उडणार ते कळवावं लागतं. काळजी एकच: त्याचं एआय-२५टीएल इंजिन झापोरिझ्झ्याच्या कारखान्यातलं. २०२२ नंतर तिथून मोठी दुरुस्ती करून आणणं अवघड झालं. म्हणून विमानाच्या तासांपेक्षा इंजिनाचे उरलेले तास पाहून किंमत ठरवा, आणि सोबत दुसरं इंजिन मिळत असेल तर विमानाचा रंग कसाही असू द्या, ते घ्या.

आणि ज्यांच्या कॉलेजच्या किंवा नगरपालिकेच्या आवारात एखादं निवृत्त जेट उभं राहणार आहे, त्यांनी सीटची आणि कॅनॉपीची सगळी स्फोटकं काढल्याचं लेखी पत्र विमानासोबतच मागून घ्यावं. कॉकपिटमधल्या जुन्या चकाकणाऱ्या तबकड्या उघडू नयेत. खांबावर बसवताना आधार मूळ जोडाच्या जागीच द्यावा, पातळ पत्र्यावर नाही. टायरवर वजन ठेवू नये. आणि पहिल्या पावसाआधी पोटाखालची निचऱ्याची भोकं मोकळी आहेत का, ते तारेने टोचून पाहावं.